आजोबांची ट्रंक आणि ‘भांडवल’चे चाळिसावे पान

पत्र (संक्षिप्त) : माझे वय सत्तावीस. मी डोंबिवलीला राहते आणि एका विमा कंपनीच्या हिशेब विभागात नोकरी करते. माझे आजोबा लालबागच्या एका गिरणीत साचेखात्यात, म्हणजे मागांवर विणकामाला होते. गेल्या वर्षी ते वारले आणि त्यांची लोखंडी ट्रंक आमच्याकडे आली. तिच्यात साठेक पुस्तके आहेत. मार्क्स, लेनिन, मॉस्कोत छापलेली मराठी पुस्तके, सोव्हिएत पक्षाचा इतिहास, अण्णा भाऊ साठे यांची ‘फकिरा’, गोदावरी परुळेकरांचे ‘जेव्हा माणूस जागा होतो’ आणि बऱ्याच पुस्तिका. शिवाय आजीच्या खानावळीच्या हिशेबाची एक वही आहे. तिच्यातले अक्षर बहुधा बाबांचे आहे. ती काही कामाची नसल्याने बाजूला ठेवली आहे. मी ‘भांडवल’च्या पहिल्या खंडापासून सुरुवात केली आणि चाळिसाव्या पानावर अडकले. गंमत म्हणजे आजोबांच्या पेन्सिलीच्या खुणाही तिथेच थांबतात आणि दोनशेएक पानांनंतर एकदम दाट सुरू होतात. मी एका अभ्यासमंडळात जाऊ लागले आहे. तिथले लोक सांगतात की मूळ ग्रंथ क्रमाने वाचा, फुले-आंबेडकर नंतर. बाबा म्हणतात, लाल बावट्याने आपले घर बुडवले, ही रद्दी विकून टाक. आईला पोलिसांची भीती वाटते. आणि मी स्वतः हल्ली घरात सारखी भांडते. ही पुस्तके वाचावीत का, आणि वाचायची तर कोणत्या क्रमाने?

उत्तर :

तुमच्या पत्रातला सर्वांत मोलाचा तपशील तुम्ही ‘गंमत म्हणजे’ असे म्हणून सांगितला आहे. आजोबांच्या खुणा चाळिसाव्या पानावर थांबतात आणि दोनशे पाने ओलांडून पुन्हा सुरू होतात, याचा अर्थ त्यांनी ग्रंथ अर्धवट टाकला नाही, तर जिथे त्यांना काही हवे होते तिथे ते थेट जाऊन पोहोचले. माझा अंदाज असा, की त्या दाट खुणा कामाच्या दिवसाविषयीच्या प्रकरणात असतील. तुम्ही पडताळून पाहा. तीस वर्षे मी एका सार्वजनिक वाचनालयात देवघेवीच्या टेबलापाशी बसले आणि ‘भांडवल’च्या प्रती परत येताना पाहिल्या. पहिली तीस-चाळीस पाने मळलेली आणि पुढची कोरी करकरीत, हे दृश्य मला नवे नाही. मधल्याच पानांना हात लागलेला असेल, तर तो वाचक मात्र जाणता असतो.

तुम्ही अडकलात याची लाज वाटून घेण्याचे कारण नाही, कारण ती सुरुवात अवघड आहे हे खुद्द लेखकाला ठाऊक होते. वीस वार लिनन बरोबर एक कोट, या एका समीकरणाला उलटसुलट करत मार्क्सने कितीतरी पाने खर्ची घातली आहेत. ज्यांच्या घरात कापड विणून पोट भरले गेले त्यांना तरी त्या वीस वारांमागचा विणकर आधी दिसायला हवा होता, असे मला नेहमी वाटते, पण तो दिसायला बराच वेळ लागतो. हा खंड १८६७ साली जर्मनमध्ये प्रसिद्ध झाला आणि त्याच वर्षीच्या ३० नोव्हेंबरला मार्क्सने हॅनोव्हरच्या आपल्या डॉक्टर मित्राला, कुगेलमानला, पत्र लिहून कळवले, की तुमच्या पत्नीला कामाचा दिवस, सहकार्य, श्रमविभागणी व यंत्रे, आणि शेवटी आदिम संचय (भांडवलाचा पहिला साठा कसा जमला) ही प्रकरणे आधी वाचायला सांगा, ती लगेच समजण्याजोगी आहेत. तेव्हा क्रमाने वाचण्याचा आग्रह अभ्यासमंडळातल्या मित्रांचा असेल, लेखकाचा नव्हता.

कामाच्या दिवसाचे ते प्रकरण उघडा. त्यात अवघड सिद्धांत थोडा आहे आणि इंग्लंडच्या सरकारी कारखाना निरीक्षकांच्या अहवालांतले उतारे पुष्कळ आहेत. भोंग्याआधी पाच मिनिटे आणि भोंग्यानंतर पाच मिनिटे, जेवणाच्या सुट्टीतून दोन्ही बाजूंनी कुरतडलेली काही मिनिटे, अशा चोरीचा आठवड्याचा आणि वर्षाचा हिशेब ते निरीक्षक मांडतात. मेरी ॲन वॉकली नावाची वीस वर्षांची शिवणकाम करणारी मुलगी जून १८६३ मध्ये लंडनमध्ये सलग साडेसव्वीस तास काम करून मेली, तिची हकिगत त्यात आहे. पाळी, भोंगा, खाडा आणि कापलेला पगार ज्याच्या अंगवळणी पडलेला आहे अशा माणसाने इथे पेन्सिल उचलली असेल, तर नवल नाही. तुम्ही हिशेब विभागात काम करता, म्हणून तुम्हालाही हेच प्रकरण आधी उलगडेल. आपल्याकडे १९४८ च्या कारखाने अधिनियमात आठवड्याला ४८ तासांची मर्यादा होती. वाचताना ती बाजूला लिहून ठेवा आणि तुमच्या स्वतःच्या कचेरीत मार्चअखेरीच्या आठवड्यात किती तास भरतात तेही लिहा.

माझे सांगणे एवढेच आहे. या पुस्तकांचे पारायण करू नका. पोथी पहिल्या अध्यायापासून वाचावी लागते, कारण तिच्याशी वाद घालायचा नसतो. ट्रंकेतले जवळजवळ प्रत्येक पुस्तक मात्र कोणाशी तरी भांडण्यासाठीच लिहिले गेले आहे. कोणाशी, कशावरून आणि कोणत्या वर्षी, हे कळल्याशिवाय ते उमगत नाही. आणि आपल्या घरातला एखादा खरा प्रश्न हातात असल्याशिवाय त्या भांडणात आपली बाजू कोणती, हेही उमगत नाही. तुमच्या घरात असा प्रश्न आहे, त्याच्याकडे मी शेवटी येते.

सोव्हिएत पक्षाच्या इतिहासाबद्दल मात्र आधी सावध करते. तुमच्याकडे असलेले पुस्तक बहुधा १९३८ साली स्टालिनच्या देखरेखीखाली तयार झालेला संक्षिप्त इतिहास असावा, कारण त्या काळी जगभर वाटला गेला तो तोच. मुखपृष्ठाच्या आतले वर्ष पाहा. त्या वर्षीच्या मार्चमध्ये लेनिनचा जुना सहकारी बुखारिन याला गोळ्या घातल्या गेल्या आणि काही महिन्यांत हे पुस्तक निघाले, ज्यात लेनिनचे कालपर्यंतचे सहकारी एकामागून एक हेर आणि गद्दार ठरतात. १९५६ च्या फेब्रुवारीत सोव्हिएत पक्षाच्या विसाव्या काँग्रेसमध्ये, म्हणजे अधिवेशनात, पक्षाचा तेव्हाचा पुढारी ख्रुश्चेव्ह याने स्टालिनच्या कृत्यांचा पाढा वाचला आणि त्यानंतर खुद्द रशियातच या पुस्तकाची सद्दी संपली. युक्रेनमध्ये १९३२-३३ साली लाखो शेतकरी भुकेने मेले, ते या पुस्तकात शोधूनही सापडायचे नाहीत. तरी ते फेकून देऊ नका. इतिहास म्हणून नव्हे, तर सत्तेवर बसलेला पक्ष स्वतःचा इतिहास कसा लिहितो याचा नमुना म्हणून ते वाचा, आणि त्याच्या शेजारी समाजवादी पुढारी रोझा लक्झेंबर्गने १९१८ साली जर्मनीच्या तुरुंगात बसून रशियन क्रांतीवर लिहिलेले टिपण ठेवा. ती क्रांतीच्या बाजूची होती, तरीही स्वातंत्र्य म्हणजे वेगळा विचार करणाऱ्याचे स्वातंत्र्य, असे तिने लेनिन-ट्रॉट्स्कींना बजावले. पुढे जानेवारी १९१९ मध्ये तिचा खून झाला आणि ते टिपण तिच्या पश्चात १९२२ साली छापले गेले. डाव्या पुस्तकांवरची सर्वांत धारदार टीका पुष्कळदा डाव्यांनीच लिहिलेली आहे, हे बाहेरून शिव्या घालणाऱ्यांना माहीत नसते आणि आत बसलेल्यांना आठवायचे नसते.

आपल्याकडचेच उदाहरण घ्या. मार्क्सने १८५३ साली न्यूयॉर्कच्या एका वर्तमानपत्रात हिंदुस्थानाविषयी लेख लिहिले, त्यांत इथली गावे शतकानुशतके जिथल्या तिथे राहिली आणि या समाजाला इतिहासच नाही, असे त्याने म्हटले. गोव्यातल्या कोसंबे गावी १९०७ साली जन्मलेले दामोदर धर्मानंद कोसंबी मार्क्सची पद्धत मानणारे होते, पण १९५६ साली भारतीय इतिहासाच्या अभ्यासावरचा आपला ग्रंथ लिहिताना त्यांनी मार्क्सचे हे म्हणणे जसेच्या तसे स्वीकारता येणार नाही, असे स्पष्ट लिहून टाकले. गणिताचे प्राध्यापक असलेला हा माणूस पुण्याहून डेक्कन क्वीनने मुंबईला नोकरीला जात असे, जुनी चांदीची नाणी हजारोंच्या संख्येने तराजूत तोलत असे आणि सुट्टीच्या दिवशी डोंगरवाटा तुडवत शेंदूर फासलेल्या देवींची ठाणी टिपत असे. मूळ ग्रंथांवर श्रद्धा असणे आणि मूळ ग्रंथ वापरता येणे, यांतला फरक पाहायचा असेल तर कोसंबी वाचा. भाषा तिखट आहे आणि समकालीनांविषयी ते पुष्कळदा अन्यायाने बोलतात, तेवढे सोसावे लागेल.

आता फुले-आंबेडकर नंतर, या सूचनेविषयी. ही सूचना मला मुळीच मान्य नाही आणि तिचे उत्तर तुमच्या आजोबांच्याच खात्यात आहे. मागावर आडवे सूत नेणाऱ्या धोट्यातली सुताची कांडी संपली, की नव्या कांडीचे सूत धोट्याच्या छिद्रातून तोंडाने ओढून घ्यावे लागे. ज्या धोट्याला एकाचे ओठ लागले त्यालाच दुसऱ्याचे लागणार, म्हणून स्वातंत्र्यापूर्वी मुंबईच्या गिरण्यांत जास्त पगाराच्या साचेखात्याची दारे अस्पृश्य कामगारांना बंद होती, आणि ती बंद ठेवण्याचा आग्रह मालकांपेक्षा सोबतच्या कामगारांचा अधिक होता. १९२८ साली सुमारे सहा महिने चाललेल्या, दीड लाखाच्या आसपास कामगारांच्या त्या प्रसिद्ध संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे ठेवला. जातिव्यवस्था ही केवळ श्रमाची विभागणी नसून श्रमिकांची विभागणी आहे, हे त्यांचे १९३६ सालचे प्रतिपादन ज्या वास्तवातून आले, ते त्या धोट्याच्या छिद्राएवढ्या जागेत मावलेले होते. ते वगळून ‘भांडवल’ वाचणारा माणूस गिरणीच्या दारातूनच परत फिरतो. हे दोन प्रवाह एकमेकांचे वैरी होते, अशीही समजूत करून घेऊ नका. ७ नोव्हेंबर १९३८ रोजी औद्योगिक कलह विधेयकाविरुद्ध मुंबईत झालेल्या संपात बाबासाहेबांचा स्वतंत्र मजूर पक्ष आणि कम्युनिस्ट खांद्याला खांदा लावून उभे होते. पुढे १९७८ साली शरद पाटील जातीच्या प्रश्नावरूनच मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षातून बाहेर पडले आणि त्यांनी सत्यशोधक कम्युनिस्ट पक्ष काढला. त्यांची पुस्तके जड आहेत, ती आत्ताच हातात घेऊ नका. पण ‘गुलामगिरी’ (१८७३) आणि ‘शेतकऱ्याचा असूड’ (१८८३) यांना मार्क्सच्या परवानगीची गरज नाही. गिरणी कामगारांना १८९० साली रविवारची सुट्टी मिळवून देणारे नारायण मेघाजी लोखंडे फुल्यांच्या सत्यशोधक समाजातून आले होते, अभ्यासमंडळातून नव्हे.

गोदावरीबाईंचे पुस्तक तर लगेचच वाचा, वाटल्यास ‘भांडवल’च्याही आधी. तुमच्यापासून लोकलने चार-पाच स्टेशनांवर असलेल्या टिटवाळ्याला जानेवारी १९४५ मध्ये किसान सभेची परिषद भरली होती. तिला आलेल्या वारली आदिवासींनी परत जाऊन वेठ नाकारायला सुरुवात केली, आणि त्याच वर्षी पाचशे पौंड गवत कापण्याला अडीच रुपये मिळावेत एवढ्यावरून सावकार, जमीनदार आणि सरकार हादरले. लग्नासाठी काढलेल्या कर्जापायी नवरा-बायकोने मालकाकडे राबत राहायचे, अशा लग्नगड्यांची हकिगत त्यात वाचाल तेव्हा आदिम संचयाच्या प्रकरणातली अवघड वाक्ये आपोआप सुटतील. ‘फकिरा’ तुम्ही वाचली असेलच असे धरून चालते. वाचली नसेल तर हे सदर बाजूला ठेवा आणि आधी ती वाचा.

आईंच्या भीतीला हसू नका. जुलै २०२५ मध्ये विधिमंडळात जनसुरक्षा विधेयक संमत झाल्यापासून अशी भीती व्यक्त करणारी पत्रे मलाही आली आहेत. मी वकील नाही, म्हणून ठाम ठाऊक आहे तेवढेच सांगते. २८ जुलै २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने एका गाजलेल्या खटल्यात जामीन देताना म्हटले, की हिंसेचा पुरस्कार करणारे साहित्य जवळ असले तरी निव्वळ ते जवळ असणे हा दहशतवादी कृत्याचा गुन्हा ठरत नाही. तुमच्या ट्रंकेतली म्हणून जी नावे तुम्ही लिहिली आहेत ती पुस्तके प्रभादेवीच्या पुस्तकांच्या दुकानात काउंटरवर मिळतात, त्यांतली काही विद्यापीठांत अभ्यासाला असतात. हे आईंना वाद म्हणून न सांगता माहिती म्हणून सांगा, आणि एखादे पुस्तक त्यांना वाचून दाखवा. गोदावरीबाईंचेच दाखवा. दुपारच्या वेळी वाचून दाखवण्यासारखे ते आहे.

राहता राहिले भांडण. कॉलेजात असताना मी पहिल्यांदा असली पुस्तके वाचली आणि त्याच दिवाळीत किराणा दुकान चालवणाऱ्या माझ्या सख्ख्या मामाला ‘क्षुद्र भांडवलदार’ म्हणाले. मामाने माझ्या कॉलेजची फी भरली होती. तो काही बोलला नाही, पण पुढची चार वर्षे मला भाऊबीजेचे बोलावणे त्याने मामीकरवी पाठवले. पुस्तकातला शब्द नवा असतो तेव्हा तो समोरच्या माणसावर चिकटवून पाहण्याचा मोह होतो. तो शब्द आधी स्वतःच्या वहीत, स्वतःच्या वाक्यात लिहून पाहावा. लिहिताना पुष्कळदा लक्षात येते, की आपल्याला तो अजून कळलेलाच नाही.

आणि बाबा. ते जे म्हणतात त्यात तपशिलाची चूक आहे, पण ती चूक दाखवण्याच्या भरात त्यांचे दुःख नाकारू नका. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेला सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांचा तो संप लाल बावट्याने पुकारलेला नव्हता. त्याचे पुढारी दत्ता सामंत होते, जे एके काळी काँग्रेसचे आमदार होते आणि ज्यांना मार्क्सवादी म्हणता येणार नाही. कामगारांचा राग जेवढा पगारावरून होता तेवढाच १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्यावरून होता, कारण त्या कायद्याने राष्ट्रीय मिल मजदूर संघ ही एकच युनियन वाटाघाटीला मान्य होती आणि कामगारांना ती नको होती. लाल बावट्याची युनियन तोवर दुबळी झाली होती. जून १९७० मध्ये परळचे कम्युनिस्ट आमदार कृष्णा देसाई यांचा खून झाल्यानंतर तर गिरणगावातली तिची जागा झपाट्याने इतरांकडे गेली. संप कोणी अधिकृतपणे मागे घेतलाच नाही, तो नुसता विरून गेला, आणि पुढे गिरण्यांच्या जमिनींवर काय उभे राहिले हे तुम्ही परळला उतरून पाहू शकता. आपले घर कोणी बुडवले, हा बाबांचा प्रश्न आहे, आणि तुमच्या हातात असायला हवा म्हणून मी वर म्हटला तो प्रश्न हाच. मालकांनी, सरकारने, सामंतांच्या हटवादीपणाने, आधीच जुन्या झालेल्या यंत्रांनी की जमिनीच्या भावाने, याचे उत्तर ट्रंकेतल्या एकाही पुस्तकात आयते नाही, कारण त्यांतली बरीचशी १९८२ च्या आधीची आहेत. पण उत्तर शोधण्याची हत्यारे त्यांत आहेत. त्याच्या जोडीला मीना मेनन आणि नीरा आडारकर यांनी गिरणगावातल्या माणसांच्या मुलाखतींतून सिद्ध केलेला मौखिक इतिहास मिळवा.

मात्र त्याहीआधी ती बाजूला ठेवलेली वही काढा. गिरणगावातल्या खानावळी चालवणाऱ्या बायांवर संपकऱ्यांची जेवणे महिनोन्‌महिने उधारीवर चालली, आणि ती उधारी कोणत्याही युनियनच्या जमाखर्चात नोंदलेली नाही. साठ पुस्तकांच्या त्या ट्रंकेत तुमच्या आजीविषयी काही असेल तर ते त्या वहीत आहे, आणि अक्षर बाबांचे असेल तर रोज संध्याकाळी कोणाच्या नावापुढे काय मांडायचे हे त्यांना ती सांगत असणार. संपाच्या वेळी त्यांचे वय पंधरा-सोळाच्या आसपास असावे. तुम्ही दिवसभर आकड्यांत असता, तेव्हा वही वाचायला तुम्हाला कोणाची मदत लागणार नाही. तरीही ती एकट्याने वाचू नका. रविवारी जेवणे झाल्यावर बाबांच्या पुढ्यात उघडा आणि एकेका नावावर बोट ठेवून हा कोण होता एवढेच विचारा, लाल बावट्याचे नाव काढू नका. जानेवारी १९८२ च्या पुढची पाने तिच्यात आहेत का, आणि जमेच्या रकान्यात शेवटची नोंद कोणत्या महिन्याची आहे, तेवढे मला कळवा.